आईची अर्धी पूजा

माझ्या धाकट्या भावावर मी जन्मभर जळले. सरळच सांगते, आडपडदा कशाला? तो आजारी होता, त्याची दयाही यायची. पण दया आली म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

त्याला हिमोफिलिया आहे. रक्त लवकर गोठत नाही. लहानपणी गुडघ्याला जरा मार लागला की आत रक्त साचून पाय भोपळ्याएवढा सुजायचा. झरी गावात आमचं किराणा दुकान, त्याच्या मागं घर. घरात फ्रिज आला तो त्याच्या गुडघ्याला बर्फ लागतो म्हणून. त्या बर्फाला हात लावायची मला बंदी. एका उन्हाळ्यात मी सरबतात दोन तुकडे टाकले, तर आईनं तो पेला माझ्या हातातून घेऊन मोरीत ओतला. बोलली काहीच नाही. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही लिंगायत, आमच्याकडं गळ्यात इष्टलिंग असतं. आई रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून मगच चहाचा घोट. पूजेला बसली की कुणी मरो का जगो, उठायची नाही. फक्त भावानं हाक मारली की लिंग गळ्यात घालून तशीच धावायची. मी दहा वर्षांची असताना घरावरच्या माळवदाच्या जिन्यावरून पडले. मनगट मोडलं. लोंबता हात धरून देवघराच्या दारात उभी राहिले, तर आईनं नुसत्या डोळ्यांनी खुणावलं, थांब. तिची पूजा संपेपर्यंत मी उंबऱ्यावर बसून होते. ते मी विसरले नाही. मला विसरायचंच नव्हतं.

पुढं माझी दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबेना. “दाढ काढल्यावर रगत येतंच की,” आई म्हणाली. पाळी आली की दहा-दहा दिवस जायची नाही. “काही बायांचं लय जातंय अंगावरून. तुज्या मावशीचंबी तसंच होतं.” संपला विषय. हा आजार पोरांना होतो, पोरी तो नुसता पुढं देतात, त्यांना स्वतःला काही होत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही. रक्ताचं सगळं कौतुक त्याच्या वाट्याला, माझ्या वाट्याला धुणं.

लग्न होऊन चारठाण्याला आले. बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, तेही अशक्तपणावर गेलं. गेल्या वर्षी मात्र अंगावरून जाऊन जाऊन जीव नको झाला. चार पायऱ्या चढले की दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, गर्भपिशवीत गाठ आहे, पिशवीच काढून टाका. आमच्याकडं त्यात नवल काही नाही, जावेची काढली, शेजारणीची काढली. मला ऑपरेशनला गुरुवार दिला.

आईला फोन केला. “काढून टाक बाई, सुटशील,” ती म्हणाली, आणि त्याच दमात भावाचं कोपर कसं सुजलंय, उद्या त्याला मोठ्या दवाखान्यात कसं न्यायचंय, ते सांगत बसली. ऑपरेशन माझं आणि कौतुक कोपराचं. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन. मिशा फुटल्या तरी तो लहान मुलांच्याच डॉक्टरकडं जायचा. आता शहरात मोठ्या माणसांच्या रक्ताच्या आजाराच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडं तो पहिल्यांदाच गेला होता. बाईंनी कोपर बघितलं आणि मग कागदावर आमचं अख्खं घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. माझ्या गोलावर पेन ठेवून विचारलं, हिला रक्त जास्त जातं का? इतक्या वर्षांत माझी चौकशी करणाऱ्या त्या पहिल्याच.

“मी सांगितलं, गुरुवारी पिशवी काढायलेत तिची,” भाऊ म्हणाला. “तर त्या म्हणल्या, आधी ते थांबवा अन् उद्या तिला घेऊन या.”

“मला कशाला तुझ्या दवाखान्यात? मला काय धाड भरलीय?”

“ताई, भांडण मागून कर. कापल्यावर रगत थांबलं न्हाई तर काय करायचं?”

तो माझ्यावर आवाज चढवून कधी बोलला नव्हता. मी गेले.

तपासणीला रक्त काढलं, दंड काळानिळा पडला. भावानं थर्मासमधून आणलेला बर्फ रुमालात बांधून माझ्या दंडावर धरला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

रिपोर्ट आला. त्याच्या रक्तात जे कमी आहे, तेच माझ्याही रक्तात कमी. त्याच्या कागदावर ‘तीव्र’, माझ्या कागदावर ‘सौम्य’. खरं सांगते, तेव्हासुद्धा मला वाटलं, घ्या, इथंही त्याचंच मोठं. मग बाई म्हणाल्या, तयारीशिवाय पोट उघडलं असतं तर रक्त आवरणं अवघड होतं. तेव्हा कुठं मी तो कागद नीट वाचला.

महिनाभरानं त्याच दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. पिशवी ठेवायची, आतली गाठ तेवढी काढायची, आणि आधी भावाला देतात तेच इंजेक्शन मलाही द्यायचं. वेळ दुपारची होती. आई दहालाच पोचली. पाच तासांची वाट, चेहरा उतरलेला. कपाळावर भस्माचा एकच पट्टा.

“पूजा झाली न्हाई?” मी विचारलं.

“बसले होते. जीव लागंना. उठले.”

“त्यानं हाक मारली असंल.”

“त्यो झोपला होता,” आई म्हणाली.

आई खाटेवर टेकली आणि तिनं माझं मनगट हातात घेतलं. मोडलेलं तेच, डावं. हाड बसलंय तिथं अजून उंचवटा आहे, त्यावर अंगठा फिरवत राहिली.

“त्या दिशी तुला थांब म्हणले होते मी,” ती म्हणाली.

नर्स इंजेक्शन घेऊन आली. आईला म्हणाली, मावशी, बाजूला सरका. आई सरकली नाही.