खुंटीवरची पिशवी

लघवीची नळी कोरडी पडली होती आणि आमचे हे पोट धरून कण्हत होते. प्रोस्टेटचं ऑपरेशन करून यांना घरी आणल्याला चारच दिवस झाले होते. भेटायला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, रिक्षा बोलवा, परत दवाखान्यात न्या." हे माझ्यावर खेकसले, "अगं, बघत काय बसलीस?" मी म्हटलं, "बघितल्याशिवाय कळणार कसं?" त्या नळीचं मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होतं. मी ती बोटांनी चाचपत गेले. कुठेच दुमडलेली नव्हती. ती पलंगावरून वर चढून थेट भिंतीवरच्या खुंटीपर्यंत गेली होती. नणंदेला दिसू नये म्हणून लघवीची पिशवी मीच भाजीच्या कापडी पिशवीत घालून तिथे टांगली होती. आमच्या चौथ्या मजल्यावर मोटर लावल्याशिवाय पाणी चढत नाही, तर लघवी कशी चढणार? पिशवी काढून जमिनीजवळ धरली, तशी नळी वाहू लागली आणि कण्हणं थांबलं. "शिकलीस हो," हे म्हणाले. "तुमच्यावरच शिकले," मी म्हटलं. खुंटी अजून तिथेच आहे. कापडी पिशवी मात्र आत्ता तिथे नाही, कारण ती घेऊन हे भाजी आणायला गेलेत.