फकीर मोहम्मद यांनी लावलेला तपास

दुसरबीडचे फकीर मोहम्मद दिवसभर कपाशीत राबायचे आणि संध्याकाळी रहस्यकथेत शिरायचे. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटून चहाच्या टपरीवर खुनी कोण ते जाहीर करायचे, आणि सहसा तोच निघायचा. यंदा बीटीच्या कपाशीवरही बोंडअळी पडली. फवारताना वारा फिरला आणि औषध त्यांच्या डोळ्यांत गेलं. तेव्हापासून लेक अमीना त्यांना पुस्तकं वाचून दाखवते.

आज मेहकरच्या डॉक्टरकडून घरी येताच तिनं घाईघाईनं पुस्तक उघडलं.

"थांब बेटा. डॉक्टर काय म्हणला?"

"हळूहळू दिसन म्हणे, अब्बा."

"मंग आज औषध काऊन नाही देलं? दर खेपेले नवे थेंब लिहून देत होता. पुढची तारीखही नाही देली. आन् मले बाहीर बसवून तुले एकटीले आत बलावलं."

अमीनानं पुस्तकाचं पान उलटलं.

"सापडला ना खुनी?" अब्बा हसायला गेले, पण त्यांना ते जमलं नाही.

मग चाचपडत त्यांनी तिच्या मांडीवरचं पुस्तक बाजूला सरकवलं.

"पानं भिजवू नको बेटा. वाचनालयाचं हाय."