मावशींच्या बाजूचं फाटक

त्या संध्याकाळी फाटक मी उघडं ठेवलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा माझ्याविषयी उगाच चांगला ग्रह व्हायला नको. आता मावशींबद्दल.

"दिवं लागलं रं. दार उघरं ठेव, लक्षुमी याची हाय."

रोज संध्याकाळी हे आमच्या अंगणात ऐकू यायचं आणि मागोमाग मावशी यायच्या. आल्या की पायातली एक चप्पल काढून दाराखाली सरकवायच्या, खाडीच्या वाऱ्याने दार मिटू नये म्हणून. दुसरी पायरीवर. जाताना एक चप्पल घालून दुसरी शोधत बसायच्या, कारण तोवर आमच्या बिस्किट नावाच्या कुत्र्याने ती पळवलेली असायची. "तुज्या बिस्किटाला सांग, जोरी तरी न्हे, एकच नको," असं मला बजावून त्या एका पायात चप्पल घालून चालू लागायच्या.

आमचं रो-हाऊस नेरूळला, सारसोळे गावाच्या कडेला. आमच्या मागच्या भिंतीपासून त्यांच्या ओट्यापर्यंत मोकळी जागा होती. आम्ही राहायला आलो तेव्हा ती त्यांच्या कोंबड्यांची होती. कागदावर ती आमची होती, पण कोंबड्यांना कोण सांगणार?

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेल, जिला तुम्ही कधी 'या' म्हटलेलं नसतं आणि जी कधीच परकी वाटलेली नसते. आमची मुलगी आधी बसायला शिकली ती मावशींच्या मांडीवर. पहिला भाताचा घास खाल्ला तो त्यांच्या हातचा, सुक्या जवळ्याच्या वासाचा. माझी बायको साताऱ्याची. तिने नाक मुरडलं. मावशी म्हणाल्या, "पोरीला खारीचा वारा लागलाय, आता काय वास घेतंस?"

मुलगी चालायला लागली, त्यात कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा कुंपण घालायचं ठरलं. समोर रस्ता आणि रस्त्यावर सुसाट डंपर. मी फॅब्रिकेटरला बोलावलं. लोखंडी पाइप, त्यावर जाळी, समोर मोठं फाटक. पिल्लाने खालून निसटू नये म्हणून जाळी जमिनीला टेकवून घेतली. माझ्या मते सगळा विचार झाला होता.

मावशी ओट्यावर बसून दिवसभर काम बघत होत्या. संध्याकाळी वेल्डिंग थांबलं तसं उठून आल्या आणि जाळीला तोंड लावून विचारलं, "आन माजं फाटक?"

"तुमचं कुठलं, मावशी?"

"मी काय उडी मारून येऊ? या वयात?"

मी म्हटलं, समोरून या की. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना पाहुण्यांसारखं बेल वाजवायला सांगत होतो. मग हात लांब करून आमच्या घराकडे, शेजारच्या सोसायटीकडे, त्यापलीकडच्या पार्किंगकडे दाखवलं. "हितं आमची भाताची शेती व्हती. खारं पानी आरवाला बांद घातलेला. त्या बांदालाबी उघारी ठेवलेली, पानी सोरायला. नुसता बंद कोन घालतं?"

फॅब्रिकेटर हसला. दुसऱ्या दिवशी त्याने जाळी कापली आणि मावशींच्या बाजूला एक छोटं फाटक बसवलं. पिल्लू उघडणार नाही अशी वर कडी. मावशींनी ते चार वेळा उघडून मिटून बघितलं आणि आल्या. त्यांच्याआधी त्यांची कोंबडी आली. मी बायकोला म्हटलं, "घे, लक्ष्मी आली." ते मावशींनाही आवडलं. पुढे कित्येक दिवस त्या कोंबडीला लक्षुमीच म्हणायच्या.

मग त्यांचा रस्ता ठरला. छोट्या फाटकातून आत, आमच्या पायरीवर थोडा वेळ टेकायचं आणि मोठ्या फाटकातून बाहेर, देवळाकडे. दोन्ही कड्या त्या लावायच्या. दिवेलागणीला मात्र लावताना कुरकुर करायच्या. "येरवी लाव रं, या टायमाला नको," म्हणायच्या. मीही मग कधीकधी थोडा वेळ उघडं राहू द्यायचो. इतकं ऐकून ऐकून ते माझ्या हातातच आलं होतं.

त्या संध्याकाळी समोरचं मोठं फाटक उघडं होतं. बिस्किट बाहेर धावलं, मुलगी त्याच्यामागे. बायकोला वाटलं मुलगी माझ्याजवळ आहे, मला वाटलं बायकोजवळ. आम्ही शोधत धावलो, तर एका रिक्षावाल्याने कोपऱ्यावर दोघांना धरून ठेवलं होतं. मुलीचा गुडघा फुटला होता. रिक्षावाला सांगत होता, "साहेब, डंपरने कच्चकन ब्रेक मारला," आणि ते त्याने दोनदा सांगितलं.

मावशी देवळातून परत येत होत्या. रडणं ऐकून धावत आल्या. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मावशी, तुमच्या लक्ष्मीपायी फाटक उघडं राहिलं, आज माझी मुलगी गेली असती."

त्यांनी मुलीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तो हात त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "मी कडी नाय लावली?" त्या म्हणाल्या. "याद नाय रं बाबा. इसरले आसन."

सकाळी ऑफिसला निघालो तर स्कूटर बाहेर रस्त्यावर उभी. मी ती रोज आत घेतो आणि मग फाटक लावतो. आदल्या संध्याकाळी स्कूटरवर बिस्किटच्या खाण्याची गोणी होती. ती खांद्यावर घेऊन मी कडी काढून फाटक पायाने आत ढकललं होतं आणि मनात म्हटलं होतं, दिवे लागलेत, राहू दे जरा उघडं, स्कूटर घ्यायला यायचंच आहे. आत गेलो तोच ऑफिसचा फोन आला. हे सगळं मला स्कूटरसमोर उभं राहून लख्ख आठवलं. मावशी तर माझ्या कितीतरी आधी देवळात गेल्या होत्या, आणि मी आलो तेव्हा कडी लावलेली होती.

मी त्याच पावली मागे जाऊन सांगायला हवं होतं. ओट्यावर त्या मासे निवडत बसल्या होत्या, मला जाळीतून दिसत होत्या. मी ऑफिसला गेलो. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळपर्यंत बायकोचं साताऱ्याला फोन करून झालं होतं, मावशी कडी विसरल्याची बातमी सोसायटीतही गेली होती. रविवारी मी छोट्या फाटकाला कुलूप लावलं. सांगायला वेळ लागला, कुलूप लावायला लागला नाही.

मावशींनी कुलूप बघितलं. पुन्हा आमच्या अंगणात आल्या नाहीत. फक्त कोंबडीने अंडं घातलं की हाक यायची, "पोरी, ये." मुलगी धावत जायची. जाळीवरून एक हात आत यायचा, त्यात अंडं. तेवढाच हात. कुंपण छातीएवढं होतं, मावशी बुटक्या. टाचा उंच करून अंडं देत असणार. मी खिडकीतून बघायचो. कुलूप काढावं असं रोज वाटायचं. पण काढलं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं.

पुढे त्यांच्या मुलांनी घर बिल्डरला दिलं. मावशी धाकट्या मुलाकडे, खाडीपलीकडे द्रोणागिरीला गेल्या. टेम्पो भरला त्या दिवशी मी ऑफिसातच थांबलो. ओट्याच्या जागी आता पार्किंगची भिंत आहे. संध्याकाळी दिवे लागतात, बायको देवापाशी निरांजन लावते आणि मी उगाच मागच्या दाराकडे बघतो. तिथून कोणी येत नाही. दार वाऱ्याने आपटतं. त्याखाली सरकवायला माझ्याही चपला आहेत, पण ते मला जमत नाही.

बिस्किट म्हातारं होऊन गेलं. मुलगी आता दहावीत आहे. यंदा कुंपण गंजून पार खिळखिळं झालं, म्हणून पुन्हा फॅब्रिकेटर आला. छोट्या फाटकाचं कुलूप गंजून कडीला चिकटलेलं. त्याने विचारलं, "साहेब, हे कशाला परत करायचं? पलीकडे तर भिंत आहे."

मुलगी तिथेच होती. म्हणाली, "ते अंडीवाल्या आजीचं आहे ना? त्या का नाही येत?"

शनिवारी मी द्रोणागिरीला गेलो.

सुनेने दार उघडलं. मावशी सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या, लहान नातवाला दोन्ही हातांनी घट्ट धरून. "ये बाबा," म्हणाल्या. पोरीचं विचारलं, बिस्किटाचं विचारलं. गेलं म्हटल्यावर म्हणाल्या, "माजी एक चप्पल त्याच्याकरंच ऱ्हायली."

बाहेर अंधारून आलं. सुनेने देवापाशी दिवा लावला. मावशी उठल्या. मला वाटलं, आता दार उघडतील. त्या दारापाशी गेल्या, कडी सारली, खाली-वर ओढून बघितली, पुन्हा ओढली. त्यांच्या दोन्ही चपला रॅकमध्ये शेजारी शेजारी होत्या.

सून हसून म्हणाली, "आईंचं हे रोजचंच. दिवा लावला की आधी कडी. आमचं पोरगं त्या एकट्या कधी सांभाळत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही, एकदा कोणाची पोर घालवली असती."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी फाटक मी उघडं ठेवलं होतं. तुम्ही कडी लावून गेला होतात. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं आणि मी बोललो नाही. माझं चुकलं."

त्या कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग कडीकडे बघत म्हणाल्या, "मी लावलेली?"

"लावली होती, मावशी."

सून स्वयंपाकघरात गेली होती. मावशींनी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मोठ्यानं बोल," त्या म्हणाल्या. "तिला आयकू दे."

मग मी आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.