दर रविवारी अर्धा तास

गाड्यांबद्दल मत नसलेला माणूस रत्नागिरीत मला तरी अजून भेटलेला नाही. चहाच्या टपरीवर आमचं चौघांचं टोळकं रोज संध्याकाळी हाच काथ्याकूट करायचं. कुठली गाडी दगा देते, कुठली मरेपर्यंत साथ देते. त्यात मी म्हणजे हायकोर्ट. माझा निकाल झाला की विषय संपला, असा माझा तोरा.

धाकटा भाऊ मुंबईत असतो. त्यानं हायब्रीड घेतली, तीही साधी नव्हे, पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी. कंपनीच्या कामासाठी चार महिने परदेशी जाताना ती आमच्या दारात लावून गेला. "दादा, दर रविवारी अर्धा तास चालू ठेव हां. बॅटरी उतरता नये." चालू कशी करायची ते तो दाखवायला लागला, तर मी उखडलोच. "आता तू मला गाडी शिकवणार?" बिचाऱ्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

दर रविवारी मी आत बसून बटण दाबायचो. समोरचा पडदा उजळायचा, आवाज मात्र काही नाही. हायब्रीडच ती, आवाज कशाला करेल! अर्धा तास गाणी ऐकायची, परत बटण दाबून उतरायचं. बाहेर काढायची छाती नव्हती. वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्याची भिंत, एक ओरखडा उठला तर भावाला काय तोंड दाखवणार?

एका सकाळी संगमेश्वरहून फोन आला. आत्या शेवटच्या घटका मोजत होती आणि तिला बाबांना बघायचं होतं. आजी लवकर गेली, बाबांना आत्यानंच वाढवलेलं. पाच मिनिटांत बाबा पांढरा सदरा घालून अंगणात हजर. रिमोटनं दार उघडेना, रिमोटच्या आतल्या लोखंडी किल्लीनं उघडलं. बटण दाबलं. गाडी ठार.

माझी जुनी गाडी भाऊ गेल्यापासून तिच्यामागेच अडकलेली. ढकलावी म्हटलं तर हिचा हँडब्रेकसुद्धा विजेवरचा. टोळक्याला फोन केला. तिघंही स्कूटरवर धावत आले, पण आले ते मतं घेऊन! एक म्हणाला, दुसऱ्या बॅटरीची वायर जोडू. दुसरा ओरडला, "हात लावू नको मेल्या, हायब्रीड आहे, कोळसा होशील!" तिसऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात कळलं की बॅटरी डिकीत आहे, आणि डिकी उघडायलाही वीजच हवी. बाबा पायरीवर बसून सारखं विचारत होते, "झाली काय रे?" मला नुसतं रडू यायचं बाकी होतं. स्कूटरवर एवढ्या लांब बाबांना बसवलं नसतं. सुट्टीचे दिवस, भाड्याच्या गाड्या सगळ्या गणपतीपुळ्याला गेलेल्या. एक मिळाली, ती दीड तासानं.

आम्ही पोचलो तेव्हा आत्याला जाऊन अर्धा तास झाला होता. आत बुद्धवंदना, त्रिसरण चाललेलं. तिची सून बाबांना म्हणाली, "सारख्या दाराकडं बघत होत्या. माझा भाव आला काय, माझा भाव आला काय, एवढंच." बाबा तिच्या पायाशी जाऊन बसले.

दोन दिवसांनी मेकॅनिक आला. बॅटरी चार्ज करून त्यानं ब्रेकवर पाय ठेवला, बटण दाबलं आणि पडद्यावर हिरवं 'रेडी' उमटलं. ते मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. मी विचारलं, तर तो सहज बोलून गेला, "ब्रेक दाबल्याशिवाय गाडी चालू होत नाही. नुसते दिवे लागतात, उलट बॅटरी खातात."

म्हणजे दर रविवारी अर्धा अर्धा तास मीच तिला मारत होतो.

कुणाला सांगू? भाऊ फोनवर रडला, "माझ्या गाडीनं घात केला दादा," म्हणाला आणि आल्या आल्या ती विकून मोकळा झाला. टपरीवर हायब्रीड बेभरवशाची ठरली, साक्षीदार म्हणून माझंच नाव सांगतात. मी तोंड उघडतो आणि मिटतो. लाज वाटते, भीती वाटते, दोन्ही. बाबांना तरी सांगावं म्हणून एकदा जेवताना सुरुवात केली, "बाबा, त्या दिवशी गाडी…"

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. "जेव तू. यंत्र ते, तू काय करणार? तू एवढी धावपळ केलीस, म्हणून निदान तिच्या मातीला तरी पोचलो मी."