आईची गाणी आणि मेलेल्या हार्ड डिस्क

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेल्या वस्तू साठत जातात, तसे किस्सेही. माणिकपूरच्या आमच्या दुकानात मेलेल्या हार्ड डिस्कचं एक खोकं होतं. त्यातल्या तीन एकाच घरच्या, गोखिवऱ्याच्या सुनीताताईंच्या.

मी तेव्हा कॅनडात शिकून नुकताच परतलो होतो. घराघरात कॉम्प्युटर पोचला की आपली बोली टिकेल, असं मला मनापासून वाटायचं. सुनीताताईंची आई कामणची. लग्नातली जुनी गाणी फक्त तिलाच येत होती. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, नंतर आवाज राहील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. म्हणून मीच त्यांना स्वस्तातला कॉम्प्युटर जोडून दिला, माइक लावला.

आई मात्र नाखूश. "मांडव नाय, नवरा नाय, नि गानी कोनाची गावू?"

मांडव पडल्याशिवाय ती गाणी गायची नसतात. नात पल्लवी तेव्हा शाळेत होती. तरी लेकीच्या हट्टापायी आई गायली. गाण्यात नवऱ्याचं नाव यायचं, तिथे गप्प राहून नुसती टाळी वाजवायची.

त्याच संध्याकाळी डिस्क टक्-टक् करत मेली.

*

माझा भागीदार दिनेश म्हणाला, गरम झाली असेल. खरंच, सुनीताताईंनी चालू कॉम्प्युटरवर क्रोशाचं कव्हर घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून! कव्हर काढलं, दुसरी डिस्क लावली. पल्लवीने गेम खेळून पाहिले, काही झालं नाही. गाणी भरली, टक्-टक्.

*

मग कळलं, प्लगला अर्थिंगच नाही. वायरमन बोलावला, पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलली. तिसरी डिस्क आठवडाभर दुकानात चालवून पाहिली.

"आता हळद लावूनच बसव हिला," दिनेश म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई शेवटची गायली. गाणी उतरवून घ्यायला सीडी रायटर दुसऱ्या दिवशी मिळणार होता. तोवर तिसरीही गेली आणि आईचा आवाजही गेला.

*

काही वर्षांनी पल्लवीचं लग्न ठरलं. नवरा निलेश, तिच्या ऑफिसातला, नवाच आलेला. हळदीच्या दिवशी बिल्डिंगखाली मांडव पडला. गाणारं कोणी नव्हतं.

पल्लवी म्हणाली, "दादा, ती तिसरी एकदा लावून बघा ना."

तिचं मन राखायला खोक्यातली डिस्क तिच्या नव्या कॉम्प्युटरला जोडली. ती फिरली. फाइल उघडली. खोलीत आईचा आवाज घुमला. सुनीताताईंनी हळद कालवत बसलेल्या आईला हाताला धरून आत आणलं.

नावाची जागा आली. मी टाळीची वाट पाहत होतो.

आवाज म्हणाला, "निलेश."

पुढच्या गाण्यातही निलेशच.

आईने हळदीचे हात पदराला पुसले आणि मला खुणेनेच सांगितलं, पुरे, बंद कर.

मी माउसला हात लावायच्या आतच टक्-टक् सुरू झालं.