मुलगी चालवत होती

"काही झालंच, तर मुलगी चालवत होती म्हणायचं. तिचं लायसन्स आहे ना?"

विम्याचे एजंट काका हॉलमध्ये बाबांना हे सांगत होते आणि मी आत त्यांच्यासाठीच चहा गाळत होते. मुलगी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

गाडी चालवताना फोनवर बोलल्यामुळे बाबांचं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं होतं, आणि नेमका तेव्हाच गाडीचा विमा संपत आला होता. आता प्रीमियम वाढणार, एवढीच बाबांना धास्ती. काका म्हणाले, प्रीमियम गाडीवर ठरतो, लायसन्सवर नाही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा भरून टाका. बाबा असे निवांत झाले, जणू लायसन्सच परत मिळालं.

खरं तर आमच्या पिंपळे सौदागरहून निघोज्याच्या कारखान्याला बाबांच्या कंपनीची बस जाते. पण मॅनेजर झालेला माणूस पुन्हा बसला कसा उभा राहणार? ज्यांच्या शेजारी बाबा डबा मांडीवर घेऊन वर्षानुवर्षं बसले, ते विचारतील, काय साहेब, गाडी कुठंय? त्या एका प्रश्नापायी बाबा रोज गाडी काढत होते.

घरात इंग्रजी वाचायचं काम माझं. फ्रीजची वॉरंटी, सोसायटीची नोटीस, सगळं. पॉलिसीही मीच वाचली होती. चालवणाऱ्याचं लायसन्स चालू नसेल तर आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही, आणि कुणाला धडक बसली तर त्याला दिलेले पैसे विमा कंपनी आपल्याकडून वसूल करू शकते. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, तूच सांग त्यांना. बाबांना सांगायला गेले, तर त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला.

मी चहा घेऊन बाहेर आले. काका हसले. "काय इंग्लिश मिडियम, चालेल ना? नुसतं नाव तर सांगायचंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणजे त्यांना चालणार होतं. कधीतरी वाटेत मोशीच्या वाहतूक कोंडीत बाबांच्या गाडीने कुणी दुचाकीवाला पडलेला असणार आणि मी ऑफिसमधून जाऊन पोलिसांना सांगायचं, हो, मीच. शाळेत हजेरी देतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही.

ट्रे ठेवला. टीव्हीशेजारच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढून मुठीत धरली.

"बाबा, मी चालवत होते असं मी कुणालाही सांगणार नाही. उद्या सकाळी बसच्या थांब्यापर्यंत मी येते तुमच्याबरोबर. चालत."