दीपस्तंभाच्या बाटलीचा निरोप

तहसील कचेरीच्या कुंपणालगत माझे टेबल आहे. वारसनोंद असो, शिधापत्रिका असो, वा शेजाऱ्याच्या सांडपाण्याचे गाऱ्हाणे; त्याला भाषा मी देतो. शिक्षण नववीपर्यंतच झाले, तथापि माझा मसुदा कोणा साहेबाने दुरुस्तीसाठी परत पाठवल्याचे मला स्मरत नाही. शब्दांच्या बाबतीत जो काटेकोरपणा, तोच बिअरच्या बाबतीत. दर शनिवारी सायंकाळी मी आणि माझा शाळासोबती नाशिक रस्त्यावरच्या एका परमिट रूममध्ये बसत असू. मोठी बाटली एक, ग्लास दोन. बाटलीवर दीपस्तंभाचे चित्र. चव किंचित कडू आणि शेवटी भाजलेल्या धान्यासारखा मंद वास. सोबती खाडीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या भाताच्या जमिनीवर आता गोदामे उभी आहेत. मला तो वकील म्हणतो. मी हरकत घेत नाही.

एका शनिवारी बाटली आलीच नाही. मॅनेजर स्वतः आला.

"साहेब, वो कंपनीने बंद कर दी. आता माल येणार नाही. दुसरी देऊ?"

मी ग्लास उपडा ठेवला.

"वकील, ठोक अर्ज!" सोबती म्हणाला. "उभ्या भिवंडीचे अर्ज लिवतोस, एक सोताचा लिव."

मी खरोखरच खिशातून पेन काढले. परंतु अर्ज कोणाकडे, आणि कोणत्या नियमाखाली? आवडती वस्तू बाजारात मिळत राहावी असा हक्क एकाही कायद्यात माझ्या वाचनात आलेला नाही. 'महोदय' या शब्दापाशीच पेन थांबले.

मॅनेजरला दया आली असावी. त्याने चारदोन ठिकाणी फोन केले. वज्रेश्वरीच्या रस्त्यावर एका दुकानात एकच बाटली उरली होती. दुकानदार उद्या पाच वाजेपर्यंत ती ठेवणार होता, पुढे जो येईल त्याची. मला निदान एक अखेरचा ग्लास हवा होता. इतकी वर्षे सोबत केलेल्या वस्तूला तोंडदेखला निरोपही देऊ नये, हे मला पटत नव्हते.

घरी मी गंभीरपणे सांगितले, "उद्या वज्रेश्वरीला जाऊन येतो. देवीचे दर्शन राहिले आहे."

"अगंबाई, बरं सुचलं तुम्हाला!" पत्नी म्हणाली. "मीही येते. माझी ओटी भरायची राहिलीच आहे."

अर्जात कारण द्यावे ते बेताचे. फार पवित्र कारण दिले की चौकशी मागे लागते. हे मी गिऱ्हाइकांना रोज बजावतो.

दुसऱ्या दिवशी सोबत्याच्या गाडीतून आम्ही तिघे निघालो. दर्शन झाले, ओटी झाली. नंतर पत्नी गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून जी बसली, ती उठेचना.

"पाच वाजत आले," सोबती माझ्या कानाशी कुजबुजला. "उठव वहिनींना."

"तूच सांग."

"माजी न्हाय हिंमत." तरी तो दोन पावले पुढे झाला. "वहिनी, पाय शिजतील हां आता."

"शिजू द्या, भावजी. घरी कोण शेकून देतं?"

अखेर ती उठली. परतताना दुकान दिसताच सोबत्याने ब्रेक दाबला. "टायरात हवा कमी वाटते."

पत्नी ओटीचा नारळ पिशवीत नीट ठेवीत होती. मान वर न करता म्हणाली, "हवा बघून या. थंड आहे का, तेही बघा. दर शनिवारी बडीशेप चघळत घरी येणारा माणूस एकाएकी देवीला निघतो, मला काय कळत नाही?"

मी धावलो. दुकानदार ती बाटली दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे धरून उभाच होता. "सदर बाटली राखीव आहे!" असे मी टेबलापुढची रांग आवरण्याच्या आवाजात सांगितले, आणि ती माझ्या हाती आली.

पडघ्याजवळ सोबत्याचे एक गोदाम रिकामे होते. तेथे प्लास्टिकच्या तीन खुर्च्या मांडल्या. दोन ग्लास भरले. मी उभा राहून म्हणालो, "आजच्या या प्रसंगी..."

"अहो, गरम होईल ती," पत्नी म्हणाली. "माझी हिरव्या डब्यातली पावडर बंद झाली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? पावडर ती पावडर, दुसरी आण."

सोबती इतका हसला की त्याच्या ग्लासातला फेस शर्टावर सांडला. दिवसभर इतरांची बाजू मांडणाऱ्या मला स्वतःची बाजू सापडेना. मी खाली बसलो आणि माझा ग्लास तिच्यापुढे केला. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले. मग पदराने ओठ टिपत म्हणाली, "शेवटी लाह्यांचा वास येतो हो."

इतक्या वर्षांत तो वास ओळखणारी ती पहिलीच. उरलेला ग्लास मी भाषणाविना, सावकाश संपवला.

सोबत्याचे घर गोदामामागेच होते; आम्ही दोघे बसने परतलो. रिकामी बाटली नारळाशेजारी पिशवीत होती. ती आता आमच्या खिडकीत आहे, तिच्यात मनीप्लांट लावला आहे. पाहुण्यांना दिसू नये म्हणून पत्नीने दीपस्तंभ भिंतीकडे फिरवला आहे. शनिवारी पाणी घालण्याचे काम माझ्याकडे असते. तेवढ्यापुरता मी तो इकडे वळवून घेतो.